घट्ट म्हणजे नेमके किती घट्ट?

मोटारीच्या इंजिनातले जुने तेल काढण्यासाठी खालच्या चेंबरचा एक बोल्ट सोडवावा लागतो. त्याला ड्रेन प्लग म्हणतात. तेल निथळले की तो पुन्हा आवळायचा. तो सैल राहिला तर हादऱ्यांनी सुटतो आणि तेल सांडून गेल्यावर इंजिन जाम होते. फाजील आवळला तर चेंबरचे आटे जातात. चेंबर बहुधा अॅल्युमिनियमचे आणि बोल्ट पोलादी असतो, त्यामुळे हार मऊ धातूची होते. मग घट्ट म्हणजे किती घट्ट? या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देण्याआधी माणसाला दोन गोष्टी साधाव्या लागल्या. एक, आटे सारखे करणे. दुसरी, आवळण्यामागचे बल समजून घेणे.

सन १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने आटे पाडणारा अचूक लेथ बनवला. तरीही प्रत्येक कारखान्याचे आटे निराळेच असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. मॉडस्लेच्या हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एक पद्धत सुचवली. तिच्यात आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंशांचा होता. पुढे अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा मांडला. व्हिटवर्थच्या गोलसर माथ्यापेक्षा तो बनवायला सोपा होता.

सारखेपणा नसला तर काय होते, हे फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने अनुभवले. मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब धावून आले. पण त्यांतल्या अनेकांच्या नळ्यांची जोडणी बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांना बसेना. पाणी होते, माणसे होती, आटे मात्र जुळत नव्हते. पंधराशेहून अधिक इमारती जळाल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका यांनाही ५५ आणि ६० अंशांचा हा झगडा जाचला. अखेर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांच्या समान आट्यावर सही केली. आजच्या आंतरराष्ट्रीय मेट्रिक आट्याचा कोनही ६० अंशच आहे.

आटे जुळले, तरी आवळणे कारागिराच्या हातावरच राहिले. आवळताना नेमके काय घडते? बोल्ट म्हणजे एक अतिशय कडक स्प्रिंग. तो आवळला की किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. ताण आणि बल यांचे प्रमाण रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केले होते. घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते, हे आमोन्तांने १६९९ मध्ये मांडले आणि कूलाँने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगांनी तपासले. ड्रेन प्लगमध्ये हे दोन्ही नियम एकत्र येतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, बोल्टचा व्यास १४ मि.मी. आहे आणि एका फेऱ्यात तो १.५ मि.मी. पुढे सरकतो. त्याला आपण ४० न्यूटन-मीटर पीळ दिला. म्हणजे २० सें.मी. लांब पान्याच्या टोकाला २०० न्यूटन बल लावले. घर्षण मुळीच नसते, तर एका फेऱ्याचे कार्य (२π × ४०, म्हणजे सुमारे २५१ ज्यूल) भागिले ०.००१५ मीटर या हिशेबाने बोल्टमधला ताण सुमारे १,६७,००० न्यूटन झाला असता. अभियंत्यांचे ढोबळ सूत्र कोरड्या पोलादी बोल्टसाठी सांगते ते असे: ताण = पीळ ÷ (०.२ × व्यास). उत्तर येते सुमारे १४,००० न्यूटन. म्हणजे आपल्या श्रमाचा जेमतेम बारावा भाग बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचे घर्षण खाऊन टाकते. तरीही ही ओढ जवळपास दीड टन वजनाइतकी आहे! आट्यांना तेल लागले आणि सूत्रातला ०.२ हा गुणक ०.१५ झाला, तर तेवढ्याच पिळाने ताण एक तृतीयांशाने वाढतो. पान्याला पाइप जोडून लांबी तिप्पट केली, तर त्याच जोराने पीळही तिप्पट होतो. आटे का जातात, ते आता उघड होते.

पीळ मोजणाऱ्या पान्यांची, म्हणजे टॉर्क रेंचची पेटंटे अमेरिकेत १९३० च्या दशकात घेतली गेली. हाताचा अंदाज आता आकड्यात आला. पण हा पाना मोजतो पीळ. आपल्याला हवा असतो ताण. दोघांमध्ये घर्षण उभे आहे. म्हणून आकडा पाळण्याआधी काही पथ्ये पाळावी लागतात. आटे पुसून स्वच्छ करावेत. प्लग आधी बोटांनीच फिरवावा. वाकडा जात असल्यास बोटांना लगेच कळते. दबून बसणारा वायसर असल्यास नवा घालावा. मग गाडीच्या पुस्तिकेतला आकडा येताच थांबावे. 'अजून थोडे' हा मोह टाळावा.

वर्गात हे सहज दाखवता येईल. फळीतून आरपार घातलेला एक मोठा नट-बोल्ट, एक पाना आणि स्प्रिंगकाटा घ्यावा. काटा पान्याच्या टोकाला काटकोनात ओढावा आणि वाचन गुणिले पान्याची लांबी असा पीळ काढावा. आधी पाना टोकाशी धरून, मग मध्यावर धरून वाचने घ्यावीत. नंतर आट्यांना तेल लावून नट तेवढाच फिरवावा. वाचन का बदलले, याचे उत्तर मुलांनीच शोधू द्यावे.