इंजिनकाम : मापांची विद्या

परभणी हा शेतीचा जिल्हा. कापसाची काळी जमीन, 1972 साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, जायकवाडीच्या डाव्या कालव्याने पाथरी-मानवतकडे आणलेले पाणी आणि त्या पाण्यामागून वाढलेला ऊस, हा त्याचा परिचय बहुतेक वाचकांना असतो. या प्रत्येक बदलाबरोबर जिल्ह्यात इंजिनेही येत गेली. आधी विहिरीवरची डिझेल इंजिने, मग ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, ट्रक. बियाणे, पाणी आणि बाजारभाव यांच्यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. थकलेल्या इंजिनाला पुन्हा कामाला लावणाऱ्या विद्येवर मात्र मराठीत फार थोडे लेखन आहे. ही उणीव ज्यांना जाणवते, किंवा पुढची पाने वाचताना जाणवू लागेल, अशा सर्व वाचकांचे येथे मनापासून स्वागत आहे.

या विषयाचे मूळ आपल्या मातीत खोलवर आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने 1930च्या दशकात डिझेल इंजिने घडवली. पुण्यात 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. किर्लोस्करांचे ‘एव्ही वन’ हे 5 अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे इंजिन शेतकऱ्यांच्या चांगलेच ओळखीचे आहे. त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 80 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 110 मिलिमीटर आणि गती मिनिटाला 1500 फेरे. नव्या वाचकांनी सुरुवात अशाच इंजिनापासून करावी, असा माझा आग्रह आहे. एक पिस्टन, एक लायनर, एक कनेक्टिंग रॉड. सुटे भाग हातात घेऊन निरखता येतात आणि प्रत्येकाचे काम दुसऱ्यात न मिसळता समजते. हे समजले की ट्रॅक्टरचे तीन किंवा चार सिलिंडरचे इंजिन परके वाटत नाही.

हा विषय मुळात झिजेचा आहे, आणि झीज सगळीकडे सारखी होत नाही. हेड उतरवलेल्या जुन्या इंजिनाच्या लायनरमध्ये वरच्या बाजूला नख फिरवून पाहा. एक बारीक कड नखाला अडते. तिच्या वर रिंग पोहोचत नाही, म्हणून तिथला धातू मूळ मापाचा राहतो. कडेच्या लगेच खाली मात्र झीज सर्वाधिक असते, कारण पिस्टन तिथे क्षणभर थांबून परततो, ज्वलनाचा दाब आणि उष्णता तिथेच सर्वांत जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. शिवाय पिस्टन आडव्या दिशेने एका बाजूवर रेटला जातो, त्यामुळे गोल बोअर हळूहळू लंबगोल होतो. म्हणूनच जाणता मिस्त्री बोअर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजतो. या सहा मापांत इंजिनाचे बरेचसे आयुष्य सापडते.

आपल्या जिल्ह्याचा हात या झिजेत स्पष्ट दिसतो. रोटाव्हेटर फिरवताना उडणाऱ्या धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात, आणि ते लायनरच्या बिडापेक्षा कठीण असतात. एअर क्लीनरच्या वाटीतले ऑइल वेळेवर बदलले नाही, किंवा रबरी नळी चिरली, की ही धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा खाऊन टाकते. मग निळा धूर निघतो, ट्रॅक्टर ऑइल पिऊ लागतो. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकतो, मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो, आणि गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या एकाच इंजिनामागे असतात. हेड वाकणे, गॅस्केट फुटणे, बेअरिंग घासले जाणे यांची कारणे बहुधा इथेच सापडतात. कारण न शोधता नुसता नवा पिस्टन-लायनर सेट बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

बाजारात ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ असे दोन शब्द चालतात. हाफमध्ये क्रँकला हात लावत नाहीत, फुलमध्ये क्रँकही बाहेर येतो. माझ्या मते या विद्येची खरी परीक्षा क्रँकवरच होते. क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे, घासलेले जर्नल ग्राइंड करून बारीक करायचे आणि तितकेच जाड बेअरिंग घालायचे, हा त्यातला नियम. मापे पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी उतरतात. जुन्या इंची हिशेबात मिस्त्री त्यांना दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात. जर्नल आणि बेअरिंग यांच्यात तेलासाठी राहणारी फट साधारण माणसाच्या केसाएवढी असते. ती कमी राहिली तर इंजिन जाम होते, जास्त राहिली तर ऑइलचा दाब पडतो. जर्नल जिथे क्रँकच्या भिंतीला मिळते, त्या कोपऱ्यातली गोलाईही राखावी लागते. ग्राइंडरवाल्याने तिथे काटकोन पाडला, तर क्रँक पुढे तिथूनच तुटतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही चूक दिसतही नाही.

होनिंगनंतरची, म्हणजे बोअर दगडाने घासून घेतल्यानंतरची, धुलाई हा असाच दुर्लक्षित भाग आहे. दगडाचे कण बोअरच्या रेघांत बसलेले असतात आणि डिझेलने ते पुरते निघत नाहीत. साबण व गरम पाण्याने ब्लॉक घासून धुवायचा, पांढरे फडके बोअरमध्ये फिरवायचे, फडके मळले की पुन्हा धुवायचे, आणि स्वच्छ निघाले की लगेच ऑइलचा हात द्यायचा. घाईच्या दिवसांतही ही पायरी न गाळणाऱ्या मिस्त्रींबद्दल मला मोठा आदर वाटतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 वाहने आली. या नव्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक्स वाढले, अनेकांत ॲल्युमिनियमचा वापर वाढला आणि जुन्या अंदाजाला जागा कमी झाली. मोजमापाची गरज मात्र पूर्वीपेक्षा अधिक आहे. बिडाचा ब्लॉक ओतायला 1150 अंश सेल्सिअसच्या वर तापलेला रस लागतो. दुरुस्तीने जुना ब्लॉक वाचला की तेवढे इंधन आणि मालकाचे पैसे दोन्ही वाचतात.

आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक किंवा टर्नरच्या विद्यार्थ्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. इतर वाचकांनी आकड्यांना बिचकू नये. आधी उघडलेले इंजिन पाहावे, मग वाचावे, आणि पुन्हा पाहायला जावे. तुमच्या घरच्या ट्रॅक्टरचे काम निघेल तेव्हा जुने भाग परत मागून घ्या, बोअर आणि क्रँकची मापे मिस्त्रींकडून विचारून तारखेसह वहीत लिहा, आणि ती वही पुढच्या कामाला सोबत न्या.