एक मतपद्धति, दोन लोकशाह्या

१९१८ सालीं पहिलें महायुद्ध संपलें, तेव्हां मध्य युरोपांतील राजसिंहासनें एकामागून एक कोसळलीं आणि त्यांच्या जागीं नवीं प्रजासत्ताकें उभीं राहिलीं. त्यांपैकीं जर्मनी व चेकोस्लोव्हाकिया या दोन शेजाऱ्यांनीं निवडणुकीचें एकच तत्त्व स्वीकारलें : ज्या पक्षाला जितकीं मतें, त्या प्रमाणांत त्याला जागा. दोन्हीं देशांत स्त्रियांनाही मताधिकार मिळाला. फळ मात्र भिन्न आलें. जर्मन लोकशाही १९३३ सालीं मावळली. चेकोस्लोव्हाकियाची १९३८ पर्यंत टिकली, आणि ती मोडली तीही म्युनिकच्या करारामुळें, परसत्तेच्या दडपणाखालीं.

जर्मनींत १९२० पासून दर ६०,००० मतांमागें एक प्रतिनिधि निवडला जाई. या पद्धतीनें पक्षोपपक्ष माजले व त्यांनींच घात केला, असें पुष्कळदां म्हटलें जातें. परंतु चेकोस्लोव्हाकियाच्या ३०० सभासदांच्या प्रतिनिधिगृहांतही पक्ष थोडे नव्हते. भाषाभेद तर तेथें जर्मनीहून कितीतरी अधिक होते. तेथें शेतकरी पक्षाचे पुढारी आंतोनिन श्वेह्ला यांच्या प्रमुखत्वाखालीं पांच मोठ्या पक्षांच्या नेत्यांचें एक मंडळ जमूं लागलें. त्याला ‘प्येत्का’, म्हणजे पंचक, म्हणत. प्रश्न सभागृहांत येण्यापूर्वींच तेथें तडजोड होई. १९२६ सालीं तर जर्मनभाषिक पक्षांचे मंत्रीही मंत्रिमंडळांत आले.

बर्लिनमध्यें असें घडलें नाहीं. मार्च १९३० मध्यें हेर्मान म्युलर यांचें संयुक्त मंत्रिमंडळ बेकारी-विम्याच्या वर्गणीच्या वादावरून फुटलें. पुढें राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखालीं अध्यक्षांच्या वटहुकुमांनीं कारभार चालूं लागला. जुलै १९३२ च्या निवडणुकींत ६०८ जागांपैकीं नाझींना २३० व कम्युनिस्टांना ८९ जागा मिळाल्या. परस्परांचे हाडवैरी असलेल्या या दोन पक्षांपाशीं मिळून बहुमत होतें. त्यांतून मंत्रिमंडळ बनणें अशक्य होतें, परंतु कोणतेंही मंत्रिमंडळ अडविण्यास तें पुरेसें होतें. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर चॅन्सेलर झाला.

पंचकही निर्दोष नव्हतें. निर्णय बंद दाराआड होत, सभासद पक्षाज्ञेचे बांधील असत, आणि स्लोव्हाकांची स्वायत्ततेची मागणी तशीच राहिली. १९३५ सालीं हेन्लाइन यांच्या पक्षानें जर्मनभाषिकांचीं बहुतेक मतें मिळविलीं, तेव्हां या तडजोडीची मर्यादाही उघड झाली. तरीही जवळजवळ दोन दशकें तेथें सरकारें बदललीं, पण राज्यघटना अबाधित राहिली.

मतमोजणीनें कोणाचें बळ किती, एवढेंच कळतें. प्रतिपक्षाबरोबर बसून राज्य चालविण्याची तयारी कोणताही निवडणूक-कायदा देऊं शकत नाहीं. ती प्रागमधील पुढाऱ्यांनीं अंगीं बाणविली, बर्लिनमधील पुढाऱ्यांनीं ऐन संकटांत सोडून दिली.