देशी बुद्धिबळातील प्यादे आणि चालींची मर्यादा

बुद्धिबळाच्या एखाद्या स्थितीत जास्तीत जास्त किती चाली शक्य आहेत, हे मुख्यतः प्यादे शेवटच्या घरात पोचल्यावर त्याचे काय होते यावर ठरते. आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडू त्याचा हवा तो मोहरा करतो. पहिला वजीर जिवंत असला तरी आणखी आठ वजीर होऊ शकतात. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या खेळल्या गेलेल्या देशी पद्धतीत ही मुभा नव्हती. प्यादे ज्या घरात पोचे, त्या घराचा मोहरा त्याला मिळे: कोपऱ्यात हत्ती, शेजारी घोडा, मग उंट, आणि राजा-वजिराच्या घरांत वजीर. पुष्कळ ठिकाणी तो मोहरा आधी मेलेला असावा लागे. नसेल तर प्यादे सातव्या घरातच अडून राही.

चालींना आवर सुरुवातीपासूनच होता. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पहिल्या खेळीला २० चाली असतात, प्याद्यांच्या १६ आणि घोड्यांच्या ४. जिथे प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चाले, तिथे त्या १२ होतात. शह बसण्याआधी राजाला एकदा मिळणारी घोड्याची चाल धरली तर १४.

देशी खेळाची खरी गोडी वजीर वाढवण्यात नव्हतीच. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर ‘बुर्जी’, म्हणजे विजय अपुरा. म्हणून बलवान खेळाडूलाही समोरची मोहरी सरसकट मारून चालत नसे. हा संयम आजच्या खेळात राहिलेला नाही, आणि ती उणीवच म्हणावी लागेल.

पेशवाई बुडण्याच्या चार वर्षे आधी, १८१४ साली, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले. त्यातील डाव युरोपीय पद्धतीशी जुळवून घेतलेले होते. पुढे १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. देशी पद्धत हळूहळू मागे पडली.

१९६४ साली युगोस्लाव्हियाचे कूटरचनाकार नेनाद पेत्रोविच यांनी २१८ चालींची स्थिती रचली. तीत पांढऱ्याचे एकही प्यादे नाही. आठही प्याद्यांचे वजीर होऊन एकूण नऊ झालेले आहेत. काळ्याचा राजा कोपऱ्यात दोन प्याद्यांसह कोंडलेला आहे, पण त्याला शह नाही. प्रत्यक्ष खेळातून येऊ शकणाऱ्या कोणत्याही स्थितीत याहून अधिक चाली नसतात, हे अलीकडे संगणकाच्या मदतीने सिद्ध झाले. मेलेलाच मोहरा परत मिळण्याच्या देशी नियमात ही स्थिती पटावर येऊच शकत नाही.