लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील अस्वल, वानर आणि हत्ती

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालय 1828 मध्ये सुरू झाले, तेव्हा प्रवेश फक्त प्राणिशास्त्र संस्थेच्या सभासदांना व त्यांच्या ओळखीच्यांना असे. तिकीट काढून कोणालाही आत जाता येऊ लागले ते 1847 मध्ये. सुरुवातीचे मोठे आकर्षण म्हणजे अस्वलांचा खड्डा. मधोमध उभ्या खांबावर अस्वल चढून येई आणि कठड्याशी जमलेले लोक काठीच्या टोकाला पाव लावून त्याच्यापुढे धरत.

1838 च्या मार्चमध्ये चार्ल्स डार्विन येथील जेनी या ओरांगउटान मादीला पाहायला गेला. रखवालदाराने सफरचंद दाखवले, पण दिले नाही. जेनी पाठीवर लोळून हट्टी मुलासारखी हातपाय आपटत रडली. माणूस आणि वानर यांच्या नात्याचा विचार करणाऱ्या डार्विनसाठी ही भेट फार मोलाची ठरली.

जंबो हा आफ्रिकन हत्ती 1865 मध्ये पॅरिसहून आला आणि मुलांना पाठीवर बसवून फिरवू लागला. 1882 मध्ये तो अमेरिकन सर्कसवाला बार्नम याला विकला गेला, तेव्हा लोक हळहळले, संतापलेही. तो संताप रास्तच होता. तीनच वर्षांनी कॅनडात रेल्वेची धडक बसून जंबो मेला.

मध्य लंडनच्या अपुऱ्या जागेत हत्ती ठेवणे मुळातच चूक होते. ती सुधारायला एकविसावे शतक उजाडावे लागले: 2001 मध्ये उरलेले हत्ती लंडनबाहेरील व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयाच्या मोकळ्या माळावर हलवण्यात आले.