सियालकोटचा दित्त

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाच्या सव्विसाव्या वचनावर आपण वारंवार प्रवचने करतो. परंतु दुर्बलांच्या निवडीचा दाखला द्यायची वेळ आली, की दाविद, आमोस आणि पेत्र यांच्यापुढे सहसा जात नाही. आपल्या उपखंडातील मंडळीच्या इतिहासातही असा एक दाखला आहे, आणि तो काहीसा अडचणीत टाकणारा आहे.

अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कार्य पंजाबातील सियालकोट येथे १८५५ साली सुरू झाले. १८७२ साली नत्तू नावाच्या जाटाचा बाप्तिस्मा झाला. तो गावच्या लंबरदाराचा पुत्र आणि वारस. साहजिकच त्याच्यावर मोठी भिस्त ठेवण्यात आली. ती फोल ठरली. नत्तूने आपला वारसा गमावला आणि मिशनच्या लेखी तो कच्चाच बंधू निघाला. तथापि १८७३ साली याच नत्तूने एका मनुष्यास मिशनरी सॅम्युएल मार्टिन यांच्यापुढे आणून उभे केले. त्याचे नाव दित्त. अस्पृश्य मानलेल्या चूहडा जातीचा, वयाने तिशीचा, वर्णाने काळा, एका पायाने अधू, निरक्षर. गावोगाव कातडी विकत घेऊन ती विकणे हा त्याचा धंदा.

दित्तने तत्काळ बाप्तिस्मा मागितला. आधी शिक्षण, मग संस्कार, हा मिशनचा शिरस्ता. परंतु नकार देण्यास मार्टिन यांना शास्त्राधार सापडेना. त्यांनी बाप्तिस्मा दिला. याहून नवल असे, की दित्त शिक्षणासाठी सियालकोटला राहीना. त्यास लगोलग घरी जावयाचे होते. घरी भाऊबंदांनी त्यास धारेवर धरले. तो मात्र आपला धंदा करीत गावातच राहिला, आणि सुमारे तीन महिन्यांनी पत्नी, कन्या व दोन शेजारी यांस घेऊन सुमारे तीस मैल पायी चालत पुन्हा मार्टिन यांच्यापुढे उभा राहिला. अकरा वर्षांत त्या परिसरातील ख्रिस्ती जनांची संख्या पाचशेच्या वर गेली. पिकेट यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात नोंदविल्याप्रमाणे १९०० पर्यंत सियालकोट जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक चूहडे ख्रिस्ती झाले होते. आजच्या पाकिस्तानातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे मूळ या चळवळीत आहे.

आता प्रश्न असा, की दित्त अयोग्य कोणाच्या दृष्टीने? बंगल्यातील मिशनरींच्या. त्याच्या बिरादरीत तो परका नव्हता. कातडीच्या व्यापाराने त्याची पावले गावोगाव वळत, आणि जाईल तेथे तो आपल्याच माणसांत बसे. मिशनने त्यास आवारात ठेवून घेतले असते, तर अक्षरे शिकला असता, कदाचित पगारी उपदेशकही झाला असता. पण बिरादरीस मुकला असता. असे म्हणण्याने ईश्वरी निवडीचे गूढ उणे होते, असे मला वाटत नाही. ज्या धंद्यामुळे तो अपवित्र ठरला, तोच धंदा सुवार्तेची वाट झाला, इतकेच त्यातून दिसते. आपल्या बाप्तिस्म्यापूर्वीच्या वर्गांतून असे किती जण परत पाठविले गेले असतील, हा विचार मला अनेकदा अस्वस्थ करतो.

आणि नत्तू? प्रभूची ओळख दित्तला प्रथम झाली ती त्याच्याच तोंडून. मिशनने ज्यास कच्चा ठरविले, तो सोबत नसता, तर हा अधू पायाचा मनुष्य मार्टिन यांच्या दाराशी कोणत्या वाटेने पोहोचला असता?