दोरी ओढा, निघायचंय!

नाकाने श्वास घ्या. अहो, सावकाश! आतले केस ताठ झाले ना? उणे 25 अंशांत असंच होतं. 1970चा जानेवारी आहे, कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातलं वाल्कूर गाव, शनिवारची सकाळ. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच जाड सूट, पायात नमद्याचं अस्तर घातलेले बूट. समोर पिवळीधमक स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, खाली रबराचा रुंद पट्टा. शेजारी तशाच आणखी तीन, आणि फ्रेंचमध्ये कालवा करणारी तुमची दोस्तमंडळी.

बटण शोधू नका, दोरी ओढायची आहे. एकदा, दोनदा, पाचदा. खांदा भरून येतो. सातव्या झटक्याला इंजिन फटफटतं, निळा धूर सुटतो आणि तो वास येतो. ओळखलात? पेट्रोलमध्ये ऑइल घालून पळणाऱ्या आपल्या जुन्या स्कूटरचा! इथेही इंजिन टू-स्ट्रोकच. मला हा वास इतका प्रिय आहे की इथे थोडं थांबावंसं वाटतं, पण पुढची गाडी निघालीसुद्धा.

थ्रॉटल दाबा. मेपलची उघडी झाडं दोन्ही बाजूंनी मागे पळू लागतात. प्रत्येक उंचवटा थेट मणक्यात कळतो. आवाज एवढा की ओरडून उपयोग नाही, हातवारेच करायचे. वळणावर अंग आतल्या बाजूला झुकवा... अरे, गेलात! मळलेली वाट सुटली आणि गाडी भुसभुशीत बर्फात रुतली. उतरलात तर तुम्हीही कमरेपर्यंत आत. दोघं पुढून स्की धरतात, दोघं मागून उचलतात. ‘ओ-ईस!’ म्हणजे आपलं ‘हैशा’च. गाडी वर येते आणि बंद पडते. एक जण हातमोजा दातांनी ओढून काढतो, प्लग उघडतो. काळा, तेलकट. खिशातला नवा प्लग अंगाच्या उबेने कोमट आहे. तो बसवेपर्यंत त्याची बोटं पांढरी पडतात. तुम्ही ती आपल्या तळव्यांत धरता. इथे एकट्याने कुणी निघत नाही, ते यासाठीच.

दुपारी मेपलचा रस उकळायच्या लाकडी झोपडीत थांबा. रस यायला अजून वेळ आहे, तोवर चूल आपलीच. इंजिनाशेजारी फॉइलमध्ये बांधून आणलेली तूर्तिएर, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, वाटेतच गरम झाली आहे. कडा किंचित करपलेल्या, आत लवंग आणि कांदा. चुलीवर टांगलेल्या मोज्यांतून ओल्या लोकरीचा दर्प दरवळतो. हीटरच्या खोलीत बसून असं जेवण चवीला लागणार नाही.

तुमच्या दोस्ताचे आजोबा बाकावर बसले आहेत. त्यांच्या तरुणपणी बर्फ पडला की रस्ते बंद व्हायचे. गावातले गॅरेजवाले जोसेफ-आर्माँ बाँबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा 1934 साली पोटाच्या आजाराने गेला, कारण दवाखान्यापर्यंत वाटच नव्हती. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचा ध्यास त्यांनी सोडला नाही, आणि 1959मध्ये ही छोटी स्नोमोबाइल, स्की-डू, याच गावातून बाहेर पडली. बाहेर उभ्या गाडीकडे आता जरा निराळ्या नजरेने पाहता ना?

उठा, अंधार लवकर पडतो. परतीला तुम्ही सगळ्यांत पुढे आहात. थ्रॉटल सोडलात की हेडलाइट मिणमिणतो, दाबलात की उजळतो. टेकडीच्या माथ्यावर थांबून मागचे दिवे मोजा. एक. दोन. तिसरा?

सगळे इंजिनं बंद करतात. एकदम एवढी शांतता होते की गोठलेली फांदी तडकलेली ऐकू येते. कुणी बोलत नाही. मग खालून, झाडांच्या पलीकडून, फटफट येते आणि एक पिवळा ठिपका हलतडुलत वर चढू लागतो.

ओढा दोरी.