साथीच्या काळांतील शाळा व शाळेचीं माणसें

महोत्सवाच्या पुस्तकांत देवालयाची कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोठून आली, कोणत्या धर्मगुरूंनीं किती वर्षें सेवा केली, याचा वृत्तांत यावा हें यथायोग्यच होय. शाळेविषयींहि चार पानें असतात. त्यांत मुख्याध्यापकांची नामावली, नव्या इमारतीचा खर्च व परीक्षांचे निकाल येतात. परंतु साथीमुळें शाळा बंद राहिली त्या वर्षांविषयीं बहुधा एकच ओळ असते. त्या ओळीमागें दडलेल्या माणसांविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे. शाळा उघडी ठेवावी कीं बंद, हा वाद प्रत्येक साथींत मोठ्यानें झाला. परंतु त्या शाळेंत रोज पाऊल ठेवणारे मास्तर, बाई, शिपाई व झाडलोट करणारी सेविका यांच्या जिवाची काळजी कोणीं वाहावयाची, हा प्रश्न बहुतकरून मागाहून विचारला गेला.

आरंभ दूरच्या एका शहरापासून करितों, कारण तेथील हकीगत आम्हां कॅथलिकांच्या जिव्हाळ्याची आहे. इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनें आपल्या देशांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, हें वृद्धांच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकिलें असेल. त्याच वर्षीं २८ सप्टेंबर रोजीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं युद्धकर्जाच्या प्रचारासाठीं मोठी मिरवणूक निघाली, व ती पाहावयास सुमारें दोन लाख लोक रस्त्यावर जमले. थोड्याच दिवसांत रुग्णालयें भरून गेलीं. ३ ऑक्टोबर रोजीं शाळा, देवालयें व नाटकगृहें बंद करण्याचा हुकूम सुटला. शहरांतील परिचारिकांपैकीं पुष्कळ युद्धावर गेल्या होत्या. घरोघर माणसें पडून होतीं व पाणी देणारें कोणी नव्हतें. तेव्हां आर्चबिशप डेनिस डॉहर्टी यांनीं, शाळा बंद झाल्यामुळें मोकळ्या झालेल्या धर्मभगिनींस रुग्णसेवेसाठीं बोलाविलें.

दोन हजारांहून अधिक भगिनी पुढें आल्या. त्यांतील बहुतेक शिक्षिका होत्या. फळा, खडू व धर्मशिक्षणाचें पुस्तक हींच त्यांचीं साधनें; तापानें बरळणाऱ्या अनोळखी माणसाच्या खाटेपाशीं उभें राहण्याचा प्रसंग अनेकींवर कधींच आला नव्हता. तोंडास जाळीदार कापडाची पट्टी, अंगावर पांढरा झगा, व कामापूर्वीं चार सूचना, एवढ्या सामग्रीवर त्या रुग्णालयांत व घरांत शिरल्या. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, यहुदी असा भेद त्यांनीं केला नाहीं. शहरांत सुमारें दीड महिन्यांत १२,००० हून अधिक माणसें मेलीं. सेवेस गेलेल्या भगिनींपैकीं २३ जणी मरण पावल्या. त्यांच्या सोबतिणींच्या हकीगती पुढील वर्षीं, १९१९ सालीं, एकत्र करून छापल्या गेल्या. म्हणून आज आपण हें सांगूं शकतों.

त्याच दिवसांत न्यूयॉर्क शहरानें शाळा उघड्याच ठेविल्या. तेथील आरोग्याधिकारी रॉयल कोपलंड व बालआरोग्याच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचें म्हणणें असें कीं, सुमारें दहा लाख मुलांपैकीं बहुसंख्य मुलें दाटीच्या चाळींत राहणारीं. त्यापेक्षां हवेशीर वर्गांत, डॉक्टर व परिचारिका यांच्या नजरेखालीं तीं बरीं. रोज सकाळीं वर्गशिक्षकानें प्रत्येक मूल न्याहाळावें व शिंकणारें, खोकणारें मूल वेगळें काढावें, अशी व्यवस्था होती. हा विचार मूर्खपणाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांच्या दृष्टीनें त्यांत पुष्कळ तथ्य होतें. परंतु खोकणाऱ्या मुलापुढें प्रथम वांकून पाहणारा माणूस शिक्षकच होता, आणि त्याचें काय, ही गोष्ट त्या युक्तिवादांत कोठें बसविलेली नव्हती.

आपल्याकडील उदाहरण तर याहूनहि जुनें आहे. सावित्रीबाई फुले, ज्यांनीं पुण्यांत मुलींस शिकविण्याकरितां चिखल व शेण अंगावर झेललें, त्या प्लेगच्या साथींत रुग्णांची सेवा करीत असतां स्वतः त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. ज्या शिक्षिकेचें नांव आज प्रत्येक शाळेंत घेतलें जातें, तिचा अंत साथींत झाला, हें मात्र मुलांना क्वचितच सांगितलें जातें.

अशा मृत्यूंपुढें आपण मस्तक नमवितों, व तें योग्यच आहे. तथापि येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. सावित्रीबाई आपण होऊन गेल्या. भगिनी आज्ञेनें गेल्या कीं स्वेच्छेनें, हें व्रतस्थ जीवनांत निवडून काढणें कठीण. पण त्यांनीं जन्मभराचें व्रत घेतलेलें होतें. महिन्याच्या पगारावर मुलेंबाळें पोसणाऱ्या मास्तरानें तसें व्रत घेतलेलें नसतें. त्याच्या वांट्यास आलेल्या जोखमीला त्याग हें नांव दिलें, म्हणजे ती जोखीम कमी करण्याचें काम कोणाचें, हा प्रश्न सोयीस्करपणें बाजूस पडतो.

हें आम्हांस सुचण्याचें कारण म्हणजे कोविडचीं वर्षें. महाराष्ट्रांत शहरांतील शाळा १६ मार्च २०२० पासून बंद झाल्या, व लवकरच सर्वत्र बंद झाल्या. शिक्षक घरीं बसून पगार घेतात, असा बोलबाला तेव्हां पुष्कळ झाला. वस्तुस्थिति निराळी होती. मोबाईलवरून तास घेण्याचें काम तर होतेंच; शिवाय कोणी तपासणी नाक्यावर वाहनांची नोंद करीत, कोणी रेशन दुकानापुढील रांगेवर देखरेख ठेवीत, कोणी विलगीकरण केंद्रांत नोंदवह्या लिहीत. पोषण आहाराचा शाळेंत उरलेला तांदूळ पालकांना वाटण्याचें कामहि शाळेच्याच माणसांचें. १५ सप्टेंबर २०२० रोजीं 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तेव्हां दारोदार ताप व प्राणवायूचें प्रमाण मोजणाऱ्या पथकांत कित्येक ठिकाणीं शिक्षक होते. कोविडच्या कामावर असतां मृत्यु आल्यास कुटुंबास ५० लाख रुपये देण्याचा निर्णय राज्य शासनानें मे २०२० मध्यें घेतला होता. तो चांगलाच होता. पण पैसा मरणानंतर मिळतो. मास्क, हातमोजे व थकलेल्याच्या जागीं दुसरा माणूस हीं त्यापूर्वीं लागतात.

भीति काय होती, हेंहि लिहून ठेवणें जरूर आहे. स्वतःच्या जिवापेक्षां घरच्या म्हाताऱ्या आईची, दम्याच्या वा मधुमेहाच्या माणसाची भीति मोठी होती. ज्यांच्या घरीं एकच खोली, त्यांनीं कामावरून आल्यावर वेगळें राहावयाचें कोठें? शिवाय 'मला हें काम नको' असें म्हणण्याची सोय सर्वांना सारखी नव्हती. विनाअनुदानित शाळेंतील शिक्षक, कंत्राटी शिपाई, आहार शिजविणाऱ्या बाया यांच्या पाठीशीं नोकरीची हमी नव्हती. म्हणून त्यांची भीति मुकी राहिली. आरंभीं सर्वांचा भर हात धुण्यावर व जंतुनाशकाच्या बाटल्यांवर होता. पुढें हा रोग मुख्यतः बंद जागेंतील हवेंतून पसरतो हें जसजसें स्पष्ट झालें, तसतशा आमच्या जुन्या मिशन शाळांच्या उंच खिडक्या त्या बाटल्यांहून अधिक उपयोगाच्या ठरल्या. त्या बांधणाऱ्यांना आम्हीं पूर्वीं उधळे म्हटलें होतें, हेंहि येथें कबूल करितों.

२३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडण्याचें ठरलें, तेव्हां शिक्षकांनीं प्रथम आर.टी.-पी.सी.आर. चांचणी करून घ्यावी असा नियम झाला. शिक्षकाची प्रकृति हा शाळा उघडण्याच्या नियमांतील एक विषय झाला, ही गोष्ट १९१८ च्या मानानें लहान नव्हे. त्या चांचण्यांत कित्येक शिक्षक बाधित निघाले, व अनेक ठिकाणीं शाळा उघडणें लांबणीवर पडलें. मुंबईंत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडले.

इतर ठिकाणीं काय झालें तें थोडक्यांत सांगतों. इंग्लंडांत जानेवारी २०२१ मध्यें शिक्षकसंघानें १९९६ च्या नोकरीविषयक कायद्याचें ४४ वें कलम दाखवून, गंभीर धोका असलेल्या जागीं कामास न जाण्याचा हक्क आपणांस आहे असें सांगितलें. बहुतेक प्राथमिक शाळा ४ जानेवारीस उघडल्या आणि त्याच सायंकाळीं त्या बंद करण्याची घोषणा पंतप्रधानांना करावी लागली. उत्तर प्रदेशांत मात्र एप्रिल २०२१ मध्यें, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरांत, पंचायतीच्या निवडणुका झाल्या व त्या कामावर शिक्षक पाठविले गेले. शिक्षकसंघटनेनें १,६२१ मृतांची यादी दिली. शासनाच्या पहिल्या निवेदनांत तो आंकडा अवघा ३ होता, कारण प्रत्यक्ष कामाच्या दिवसांतील मृत्युच धरला होता. संसर्ग आणि मृत्यु यांत दिवस जातात हें साधें सत्य मान्य होऊन, कामापासून ३० दिवसांतील मृत्यु धरण्याचा नियम मागाहून झाला.

लसीचेंहि तसेंच. १६ जानेवारी २०२१ पासून वैद्यकीय सेवकांना व फेब्रुवारींत पोलीस आदिकरून आघाडीच्या सेवकांना लस मिळूं लागली; शिक्षक म्हणून शिक्षकांचा वर्ग त्यांत नव्हता. वयाप्रमाणें ज्याचा जेव्हां क्रम येईल तेव्हां. ऑगस्ट २०२१ मध्यें केंद्र शासनानें राज्यांना दोन कोटि जादा मात्रा देऊन, ५ सप्टेंबरच्या शिक्षकदिनापूर्वीं सर्व शिक्षकांस लस द्यावी असें कळविलें. तोंवर दुसरी लाट येऊन गेली होती.

फिलाडेल्फियाच्या भगिनींच्या हकीगती एका वर्षाच्या आंत लिहिल्या गेल्या, म्हणून राहिल्या. आपल्या शाळांतील माणसांच्या हकीगती अद्याप मोबाईलमधील संदेशांत व घरच्या कपाटांत विखुरलेल्या आहेत. ज्या कुटुंबांपाशीं २०२० ते २०२२ या काळांतील कामाचे आदेश, ओळखपत्रें, हजेरीचे कागद किंवा छायाचित्रें असतील, त्यांनीं त्यांच्या प्रती धर्मग्रामाच्या कार्यालयांत आणून द्याव्या; मूळ कागद परत मिळतील. शिपाई, सेविका व आहार शिजविणाऱ्या बायांचीं नांवेंहि अवश्य कळवावीं, कारण हजेरीपटावर तीं सर्वांची आढळत नाहींत.